ग्लोसोप्टेरिसचं पान शोधायचं कसं, ओळखायचं कसं, नोंदवायचं कसं: विदर्भाच्या कोळसापट्ट्यात नव्याने फिरणाऱ्यांसाठी

कामठी, उमरेड, वणी, घुग्गुस, बल्लारपूर. या गावांच्या माणसाला दगडी कोळशाचं नवल नाही. पण कोळशाच्या थराला लागून जी राखाडी शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा दगड, निघते, ती नीट उकलली तर आत अख्खी पानं दिसतात, हे खाणीत वीस वर्षं काढलेल्यांपैकीही अनेकांना माहीत नसतं. ही पानं बहुतेक वेळा ग्लोसोप्टेरिसची असतात. सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे पर्मियन काळात, भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे सगळे भूभाग एकत्र जोडलेले असताना या बीजधारी झाडांची दलदलीतली जंगलं होती. २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात ती संपली. आपला बराचसा कोळसा त्यांच्यापासूनच झाला.

मी शिकलो वनस्पतिशास्त्र. भूशास्त्र नंतर दगड हाताळत शिकलो. तेव्हा अडचण अशी होती की पानाचं वर्णन पुस्तकात मिळायचं, पण खाणीच्या गेटवर कोणाला भेटायचं, शेल फोडायची कुठून, पान निघालं की पहिल्यांदा काय लिहायचं, हे कुठेच नसायचं. ते इथे लिहितो आहे.

१. आधी बैठक पक्की करा: पान दिसतं कसं

बाहेर पडण्याआधी किमान एक खरा नमुना डोळ्यांखालून घाला. ज्या महाविद्यालयात भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम आहे, तिथल्या प्रयोगशाळेच्या कपाटात शिकवण्यासाठीचा एखादा तुकडा बहुतेक असतोच. विभागप्रमुखांना आधी फोन करून जा. परीक्षेचे दिवस टाळा.

पान जिभेच्या आकाराचं, कडा सरळ. दाते नाहीत, खाचा नाहीत. लांबी दोन-चार सेंटिमीटरपासून ३० सेंटिमीटरच्या पुढेही जाते, त्यामुळे लांबीवरून काही ठरवू नका. मधोमध ठळक मध्यशीर असते आणि ती टोकाच्या जवळपर्यंत जाते. पण खरी ओळख पटते ती बाजूच्या शिरांवरून. भिंग लावून पाहा: मध्यशिरेतून त्या तिरक्या निघतात, बाहेर वळतात, फुटतात, शेजारणीला मिळतात, पुन्हा फुटतात. सगळ्या शिरा एकाच जाडीच्या. त्यातून अरुंद, लांबट खणांची जाळी तयार होते. आंब्याच्या पानात मोठ्या शिरा वेगळ्या उठून दिसतात आणि त्यांच्यामध्ये बारीक जाळं असतं. इथे मोठी-लहान असा भेदच नाही. मध्यशिरेतही नीट पाहिलं तर एकच जाड दोर नसून शेजारी-शेजारी धावणारे अनेक धागे दिसतात.

जुन्या पेट्यांवर, अगदी काही संग्रहालयांतही, याला नेचा (फर्न) म्हटलेलं सापडेल. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ॲडॉल्फ ब्राँन्यार्टने १८२८ मध्ये या वंशाला नाव दिलं, तेव्हा हाती फक्त पानं होती आणि पुढे शंभरेक वर्षं हा गोंधळ चालला. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एडना प्लमस्टेड यांनी पानाला चिकटलेली बीजधारी अंगं दाखवली आणि चित्र बदललं. तो संग्रह ले रू नावाच्या एका हौशी माणसाने फेरीनिगिंग गावाजवळच्या खाणीतून जमवलेला होता. हौशी माणसाने नीट नोंदी ठेवून गोळा केलेलं साहित्य किती कामाला येतं, ते यातून कळतं.

२. योग्य दगड कुठे आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त दिवस वाया जातात ते चुकीच्या दगडात. विदर्भाचा मोठा भाग काळ्या बेसॉल्टखाली आहे. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात ग्लोसोप्टेरिस मिळणं शक्यच नाही. लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडणाऱ्या खडकांत पानं, फळं, लाकूड मिळतं, पण ती सपुष्प वनस्पतींची वेगळीच दुनिया आहे. सिरोंच्याजवळच्या वडधम इथले लाकडाचे जीवाश्मही ज्युरासिक काळातले, म्हणजे ग्लोसोप्टेरिसच्या नंतरचे.

आपल्याला हवेत गोंडवाना गटातले, म्हणजे कोळसा असलेल्या जुन्या खडकांच्या समूहातले, तीन थर, खालून वर असे:

तालचीर: हिमनद्यांनी आणलेले गोटे, हिरवट शेल. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ हिमनदीने घासून ओरखडे काढलेला चुनखडीचा पृष्ठभाग १८७२ मध्येच नोंदला गेला. थर बघण्यासारखा आहे, पण नवख्याने पानांसाठी इथे वेळ घालवू नये.

बराकर: आपल्या भागातला कोळसा प्रामुख्याने याच थरात. कोळशाच्या वर-खाली राखाडी ते काळी शेल असते आणि तिच्यात पानाचा काळा, चकचकीत कोळशाचा पापुद्रा टिकून राहतो.

कामठी: लालसर, पिवळट वालुकाश्म आणि त्यामधली बारीक मातकट शेल. थराला नाव आपल्या कामठीवरूनच पडलं. यात पापुद्रा सहसा नसतो, फक्त ठसा असतो. तरी शिरा कधीकधी बराकरपेक्षाही स्वच्छ उठतात. नवख्यासाठी मला कामठीच जास्त पसंत आहे, कारण काळ्यावर काळं शोधावं लागत नाही.

नकाशासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश हे संकेतस्थळ वापरा. आपला तालुका काढा, बराकर आणि कामठी असे रंगवलेले पट्टे पाहा, त्यावर रस्ते आणि नाले जुळवा. एक संध्याकाळ यात घालवली तर पुढचे अनेक रविवार वाचतात.

या भागातली पानं जगापुढे आणण्यात नागपूरला राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी जमवलेल्या वनस्पतींवर चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये लंडनमध्ये निबंध प्रसिद्ध केला. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात वाहून गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

३. परवानगी आणि कागद

चालू खाणीत गुपचूप शिरायचं नाही. गेटवरच्या ओळखीच्या सुरक्षारक्षकाने "जा, कोण बघतंय" म्हटलं तरी नाही. ब्लास्टिंगची वेळ त्याला माहीत असते, तुम्हाला नसते. रीतसर मार्ग असा:

- शिक्षणसंस्थेचं किंवा एखाद्या निसर्गमंडळाचं पत्र. एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा संस्थेच्या पत्राला उत्तर लवकर येतं.
- खाण व्यवस्थापकाच्या नावे अर्ज: तारीख, माणसं किती, नेमका हेतू. "जीवाश्म पाहणे, छायाचित्रे घेणे, टाकाऊ शेलचे लहान नमुने नेणे" असं स्पष्ट लिहा. "संशोधन" एवढंच लिहिलं की फाइल टेबलावरून टेबलावर फिरते.
- प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत आणि तातडीच्या संपर्काचा क्रमांक.
- नमुने बाहेर नेण्यासाठी वेगळी लेखी परवानगी. हे लोक विसरतात. आत जाण्याची परवानगी म्हणजे दगड बाहेर नेण्याची परवानगी नव्हे. परतताना गेटवर पिशवी उघडली जाते.

अर्जावर शिक्का मारून पोच घ्या आणि आठवड्याने फोन करा. आत गेल्यावर खाणीने दिलेल्या माणसाला सोडून पाऊल टाकायचं नाही. हेल्मेट, बूट आणि चमकणारं जॅकेट हवंच.

खाणीशिवायही जागा आहेत. रस्त्यासाठी कापलेल्या दरडी, नाल्यांचे काठ आणि नव्या विहिरींचे ढीग. विहिरीचा ढीग मला सगळ्यांत आवडतो, कारण दगड ताजा असतो आणि शेतकऱ्याला खोली तोंडपाठ असते. "भाऊ, हा काळा दगड किती फुटांवर लागला?" या प्रश्नाचं उत्तर लगेच वहीत उतरवा. शेतात पाय ठेवण्याआधी विचारायचं आणि निघताना पसरलेला दगड पुन्हा ढिगावर लावायचा. पुढच्या माणसाची वाट त्याने मोकळी राहते.

४. थैलीत काय हवं

- भूशास्त्रीय हातोडा. नसेल तर गवंड्याचा लहान हातोडा चालतो, पण घरचा खिळे ठोकायचा नको. त्याच्या पोलादाची ढलपी उडते.
- रुंद पात्याची छिन्नी आणि एक अरुंद.
- डोळ्यांचा बंद चष्मा. यात तडजोड नाही.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, गळ्यात दोरीने अडकवलेलं.
- जुनी वर्तमानपत्रं, टिश्यू कागद, पिशव्या, खोके.
- वही, पेन्सिल, न पुसणारा मार्कर, सेंटिमीटरची पट्टी.
- जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारा फोन आणि भरलेली पॉवर बँक.
- पाणी, टोपी, प्रथमोपचार.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात उघड्या दगडावर दुपारी काम होत नाही, आणि पावसाळ्यात शेलचा चिखल होतो, ढीग घसरतात.

५. ढिगावर काम करताना

खाणीतून काढलेल्या मातीदगडाच्या ढिगाला तिकडे सगळे ओबी म्हणतात. जुने ओबी दुरून टेकडीसारखे दिसतात, त्यावर वेडी बाभूळ माजलेली असते. तिथे तीन धोके आहेत. ढिगाचा उतार पायाखालून सरकतो, म्हणून वरून खाली उतरत जायचं नाही आणि दुसऱ्याच्या बरोबर खाली उभंही राहायचं नाही. काही ढीग आतून जळत असतात. धूर, गंधकाचा वास किंवा पायाला उष्णता जाणवली की मागे फिरा. आणि चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर-पद्मापूर पट्ट्यात झुडपांमध्ये वाघ-बिबट्यांचा वावर आहे. एकटं जायचं नाही, पहाटे आणि सांजवेळी तर नाहीच.

आता फोडणं. वालुकाश्माचे मोठे धोंडे सोडा. बारीक दाण्याची, हाताला गुळगुळीत लागणारी, पापुद्र्यांसारखी सुटणारी शेल निवडा. तळहाताएवढी लादी आडवी धरू नका, कडेवर उभी करा. कडेवर थरांच्या बारीक रेषा दिसतात. रेषेत छिन्नीचं पातं बसवा, हलके ठोके द्या, लादी फिरवा, पुन्हा हलके ठोके. जोराचा एकच घाव घातला की लादी आडवी तुटते आणि पान मधोमध जातं. नीट उकलली तर पुस्तक उघडल्यासारखे दोन भाग होतात.

पान दिसलं की पहिली गोष्ट: हातातला दुसरा अर्धा टाकू नका. एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला त्याचा उलट ठसा. बीजधारी अंगाची खूण एखाद्या वेळी फक्त दुसऱ्या भागावर असते. नवखे लोक सुंदर बाजू घरी नेतात आणि अभ्यासाची बाजू ओबीवर टाकून येतात.

ओला हात किंवा पाणी मारून शिरा उठवायचा मोह टाळा. कामठीच्या घट्ट ठशाला एकवेळ चालेल, पण बराकरची कोळसट शेल पाणी पिऊन वाळताना तडकते आणि पापुद्रा कणाकणाने उडून जातो.

६. जे ग्लोसोप्टेरिस नाही ते

इथे थोडं थांबा, कारण पहिल्या दिवशीच्या आनंदात इथेच घसरायला होतं.

*मध्यशीर नसलेलं पान.* आकार तोच, जाळीही तशीच, पण मधे ठळक शीर नाही. ते गंगामोप्टेरिस. याच कुळाचं, आणि सहसा खालच्या, जुन्या थरांत जास्त. टाकायचं अजिबात नाही, नाव मात्र वेगळं लिहायचं.

*समांतर शिरांचं लांब पान.* शिरा फुटतात पण एकमेकींना मिळत नाहीत, जाळी होत नाही. ते नोगेराथिओप्सिस. भिंगाशिवाय फरक कळणार नाही.

*पेरं असलेली दांडी.* शिझोन्युरासारखी, अश्वपुच्छ गटातली वनस्पती.

*चौकटी-चौकटींचा पट्टा.* दोन-तीन उभ्या रेषा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. लोक याला प्राण्याच्या मणक्यांचा ठसा समजतात आणि कोणीतरी लगेच डायनासोर म्हणतं. हे व्हर्टेब्रारिया, ग्लोसोप्टेरिसचंच मूळ. दलदलीत वाढणाऱ्या मुळाच्या आत हवेसाठी पोकळ्या होत्या, त्यामुळे ते असं दिसतं. तुम्ही उभे आहात तिथेच झाड उभं होतं की पान वाहत आलं, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. म्हणून मूळ थरात उभं होतं की आडवं, ते नोंदवा.

*झाडासारखी काळी नक्षी.* शेलच्या भेगेत नाजूक, फांद्याफांद्यांची. ती वनस्पती नव्हेच; मँगनीजची खनिजं भेगेतून पसरून उमटलेली नक्षी आहे. भिंगाखाली तिला शिरा नसतात, कडा नसते, आणि ती थराच्या पातळीत न राहता तड्याच्या पातळीत जाते. समाजमाध्यमांवर "जीवाश्म" म्हणून फिरणाऱ्या फोटोंमध्ये ही नेहमी भेटते.

एकाच लादीवर पानांचा खच दिसला, एकावर एक, तर सर्वांत मोठं पान कापून काढू नका. थंड प्रदेशातली ही झाडं ऋतूनुसार पानगळ करत होती असं मानलं जातं, आणि अशा खचातूनच ते समजतं. लादी जड असेल तर पूर्ण फोटो घ्या, मोजमाप लिहा, तिथेच राहू द्या.

७. नोंद: दगड उचलण्याआधी

माझं ठाम मत आहे की जागा माहीत नसलेल्या अख्ख्या पानापेक्षा जागा माहीत असलेलं अर्धं पान मोलाचं. १९१२ मध्ये ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतताना मरणाच्या दारात असतानाही सुमारे १६ किलो दगड ओढत राहिली. त्यांतल्या पानांवरून १९१४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट सीवर्डने अंटार्क्टिकात ग्लोसोप्टेरिस असल्याचं दाखवलं. ते दगड बीअर्डमोर हिमनदीच्या काठचे होते हे नोंदलेलं होतं, म्हणून ते दाखवता आलं.

वहीत, जागेवर, हे लिहा:

- क्रमांक. साधा ठेवा: जागेची आद्याक्षरं, आकडा, आणि दोन अर्ध्यांसाठी अ आणि ब. उदाहरणार्थ उम-७-अ, उम-७-ब.
- तारीख, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश.
- दगड मूळ थरात होता की ढिगात. ढिगातला असेल तर तसं स्पष्ट लिहा. "बराकर" असं अंदाजाने लिहून मोकळं होऊ नका.
- शेलचा रंग, कोळशाच्या थराच्या वर की खाली, किती अंतरावर.
- शेजारी आणखी काय होतं: मुळं, बिया, दांड्या.

तोच क्रमांक दगडाच्या मागच्या बाजूवर मार्करने आणि आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलने. दोन्ही हवं, कारण चिठ्ठी हरवते आणि मार्कर घासला जातो.

८. फोटो

डोक्यावरच्या उन्हात काढलेल्या फोटोत शिरा गायब होतात. सकाळचं किंवा उतरतं ऊन दगडावर तिरकं पडू द्या. घरी असाल तर खोलीत अंधार करून टेबलावरचा दिवा बाजूने खाली धरा. प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून येऊ द्या, तशी सर्वसाधारण रीत आहे. प्रत्येक फोटोत पट्टी हवी. नाणं किंवा पेन ठेवण्याची सवय सोडा. एक पूर्ण पानाचा, एक मध्यशिरेजवळच्या जाळीचा आणि एक कडेजवळच्या जाळीचा, असे तीन पुरतात. फोनची आपोआप "सुंदर" करणारी सोय बंद ठेवा.

९. घरी आणल्यावर

टिश्यूत गुंडाळून वर्तमानपत्रात, अ आणि ब वेगवेगळे. दोन ठशांचे चेहरे एकमेकांवर घासू देऊ नका. सावलीत हळूहळू वाळवा. चिकटलेली माती मऊ कोरड्या कुंचल्याने काढा. फेव्हिकॉल, वॉर्निश, नेलपॉलिश, तेल यांतलं काहीही लावू नका. एकदा लावलं की पापुद्र्याचा सूक्ष्म अभ्यास जवळपास अशक्य होतो. पापुद्रा सुटतच असेल तर खोका बंद करून जाणकाराची वाट पाहा.

१०. नाव किती पुढे न्यायचं

वहीत "ग्लोसोप्टेरिस, जाती अनिश्चित" एवढंच लिहा. ग्लोसोप्टेरिस इंडिका, ग्लोसोप्टेरिस कम्युनिस ही नावं जिभेवर बसतात आणि प्रत्येक पानाला चिकटवावीशी वाटतात. पण जाती ठरतात त्या जाळीच्या खणांची लांबी-रुंदी, शिरांचा कोन, दर सेंटिमीटरला शिरांची दाटी अशा मोजमापांवर. शिवाय एकाच झाडाची पानं वेगवेगळ्या मापाची असू शकतात, हा वाद तज्ज्ञांमध्येही आहे. भारतातल्या जातींची फेरतपासणी शैला चंद्रा आणि के. आर. सुरंगे यांनी १९७९ मध्ये केली होती. ती चाळल्यावर नवख्याचा नाव ठेवण्याचा उत्साह आपोआप ओसरतो.

११. कोणाला दाखवायचं

साधी पानं स्थानिक महाविद्यालयाच्या संग्रहाला द्या, नोंदीच्या वहीच्या प्रतीसह. काही वेगळं वाटलं, म्हणजे पानाला चिकटलेला ढालीसारखा गोल-लांबट भाग, मध्यशिरेजवळ बियांचे ठिपके किंवा फांदीला लागलेला पानांचा झुपका, तर लखनऊची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था किंवा नागपुरातलं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय गाठा. नमुना पोस्टाने पाठवू नका, मागितल्याशिवाय तर नाहीच. आधी ईमेल करा: पहिल्या ओळीत जागा आणि थर, मग तीन फोटो, मग मोजमापं. "हे काय आहे?" असं एकच वाक्य आणि धूसर फोटो पाठवला तर उत्तर येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

विकत घेणारे भेटतात. ओबीवर काम करणाऱ्या मुलांना पैसे देऊन दगड आणवणारेही आहेत. यात पडू नका: दगडाची जागा कोणालाच सांगता येत नाही, आणि पोरं सुरक्षेशिवाय ढिगावर चढतात.

ईमेलला उत्तर यायला महिना-दोन महिने लागू शकतात. तोवर अ आणि ब एकाच खोक्यात, वेगवेगळ्या कागदांत, क्रमांक वर दिसेल असे ठेवा, आणि खोक्यावर तालुका लिहून ठेवा.